शेवटच्या अक्षरापासून

नाव घासताना शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करायची, हे मला काकींनी शिकवलं. भांड्यावरचं नाव. तांब्यापितळेच्या जुन्या भांड्यांवर काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेलं असतं ना, चि. सौ. कां. अमकी हिस मामांकडून, आणि पुढे गाव, ते. कानस माझ्या हातात देऊन काकी म्हणाल्या, आधी गाव घालव, मग देणाऱ्याला, आणि बाईचं नाव सगळ्यांत शेवटी. मी विचारलं नव्हतं, तरी कारणही त्यांनीच सांगितलं. मध्येच कुणी हाक मारली, काम अर्धं टाकून उठावं लागलं आणि तेवढ्यात कुणाची नजर पडली, तर भांड्यावर नुसती सुमन उरलेली असावी. "नुसती सुमन कुणीही असते गो," त्या म्हणाल्या, "अमक्या गावची सुमन एकच असते."

मी तेव्हा सतराव्या वर्षात असेन नसेन. आमचं गाव जतच्या पुढे, जिथे पाणी बघायलासुद्धा चालत जावं लागायचं. सहावी झाली आणि माझी शाळा सुटली. का सुटली ते कुणी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात खाणारी तोंडं किती ते मला दिसत होतं. आमच्या गावचा एक ट्रकवाला रत्नागिरीहून भांड्यांची मोड कोल्हापूरला वितळवायला न्यायचा. त्यानं आईला सांगितलं की रत्नागिरीत एक चांगलं घर आहे, दुकानदार आहेत, मूलबाळ नाही, बाईंची बोटं संधिवातानं धरलीत, हाताखाली मुलगी हवी आहे. आईनं माझी पिशवी भरली. आंब्याच्या घाटात मी दोनदा ओकले आणि पालीला गाडी थांबली तेव्हा तोंड धुवायला उतरले, तर तिथली माती बघून मला वाटलं, इथे कुणीतरी सगळीकडे वीट कुटून टाकली आहे. ट्रकवाला हसला. पुढे मला कुणीही हसलं की आधी भीती वाटायची, आता परत पाठवतात की काय. ती भीती त्या घरात कुणी घातली नव्हती. मी ती पिशवीतून घेऊन आले होते.

दुकान रामआळीच्या मागच्या अंगाला होतं. पुढे स्टीलची नवी भांडी, मध्ये तराजू, आणि आत अंधाऱ्या खोलीत मोडीचा ढीग. त्या वर्षांत सगळ्यांना स्टील हवं होतं. लोक आज्यांच्या घागरी, परडीभर तांबे, पाटाएवढाल्या पराती घेऊन यायचे आणि चकचकीत डबे घेऊन जायचे. दुकानामागे घर, चिऱ्याच्या भिंती, मागे पडवी, पडवीच्या टोकाला न्हाणी आणि मागच्या दाराशी एक बोळ. पहाटे मिरकरवाड्यातून ट्रॉलरांची इंजिनं धडधडताना ऐकू यायची आणि मला गावाकडची पिठाची गिरणी आठवायची. मग काकींची हाक, मग उकड्या तांदळाची पेज आणि तिच्याबरोबर भाजलेली सुकट. पहिले कितीतरी दिवस ती पेज माझ्या घशाखाली उतरेना. मी काही बोलले नाही, पण काकींना कळलं. त्यांनी ट्रकवाल्याला सांगून ज्वारी मागवली आणि स्वतः थापायला बसल्या. बोटं वळत नव्हती, भाकरीचा नकाशा झाला. मग मी थापली. अण्णा, म्हणजे काकींचे यजमान, जेवायला बसले, एक तुकडा चावला आणि म्हणाले, "बाय, ही खायची की हिचं पत्र्यासारखं वजन करायचं?" मी रडकुंडीला आले. त्यांनी आणखी अर्धी मागून घेतली. आज इतक्या वर्षांनी लिहिताना मला त्या अर्ध्या भाकरीचं ओझं वाटतं. ते कुठे फेडायचं हे मला अजून कळलेलं नाही.

मंगळवारी मोड यायची. अण्णा गावोगाव फिरायचे, पार अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीपर्यंत. तिथे कुणाची बदली झाली की जड भांडी विकूनच लोक पुढे जायचे. माल निवडून, नावं घासून झाली की तासाभरात शहरातल्या बायका हजर. मास्तरणी, कारकुनांच्या बायका, मुलीचं लग्न ठरलेल्या आया. नव्या तांब्याच्या भावाला हात लावायची सोय नव्हती, आणि जुना पत्रा नव्यापेक्षा जाड, म्हणून त्या ढिगात हात घालून बसायच्या. पदर खोचून, गुडघे टेकून, काळ्या पडलेल्या बोटांनी एकमेकींच्या हातातलं भांडं कसं काढून घ्यायचं ते मी तिथे पाहिलं. पोस्टातल्या एक बाई पर्समध्ये लोहचुंबक घेऊन यायच्या. त्यांनी ते कुठल्याही भांड्याला लावलं की अण्णा हात जोडायचे, "बाई, तुमच्या चुंबकाचं आणि माझ्या दुकानाचं मागल्या जन्मीचं वैर आहे." बाई म्हणायच्या, "वैर कसलं, अण्णा? चिकटलं तर तुमचं, नाही चिकटलं तर माझं." मला त्यांनीच नखानं टिचकी मारून ऐकायला शिकवलं. अखंड भांडं लांब वाजतं, डाग देऊन जोडलेलं मध्येच गप्प होतं. पुढे मी पाठमोरी बसूनही सांगायचे, हे फुटकं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. शाळेत मला असं काही कधी आलं नव्हतं.

पण त्या बायकांना जे दिसायचं ते आधी माझ्या हाताखालून गेलेलं असायचं. विकायला येणाऱ्या बायका पुढच्या दारानं येत नसत. दुपारी, आळी झोपली की, बोळातून यायच्या. टोपलीत वर भाजी, खाली गोणपाटात गुंडाळलेलं भांडं. काकी त्यांना चहा द्यायच्या आणि का विकता हे कधीच विचारायच्या नाहीत. फुटकी, चेपलेली मोड ट्रकमध्ये जायची, पण अखंड भांडं निवडून बाजूला काढलं की त्याच्यावरचं नाव घासूनच ते पुढे लावायचं, हा अण्णांच्या वडिलांपासूनचा नेम. मागच्या दारानं आलेलं नाव पुढच्या दारानं जात नाही, असं अण्णा मोठ्या ऐटीत सांगायचे. गावं लहान. कुणाच्या माहेरचा तांब्या कुणाच्या फळीवर दिसला की त्या घराचं काय चाललंय ते संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोचतं. म्हणून कानस, मग पॉलिशपेपर, मग रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालींचं पाणी. तेवढी जागा लहान बाळाच्या टाळूसारखी गुळगुळीत व्हायची. मी ती नावं घासायच्या आधी मनात वाचायचे. माझं वाचन सुटलं नाही ते त्या टिंबांमुळे.

सावित्री अशीच एका दुपारी आली. पालीच्या आतल्या बाजूचं गाव. तिशीची असेल, पण हातांकडे पाहिलं तर जास्त वाटायची. गोणपाटातून तिनं हंडा काढला, तांब्याचा, जाड, काठाशी एक पोचा. मी टिचकी मारली तर तो इतका वेळ वाजत राहिला की आम्ही तिघीही थांबलो. काठाखाली नाव होतं, चि. सौ. कां. सावित्री हिस बंधूकडून, आणि पुढे गाव. तिनं चहा बशीत ओतला, पण प्यायली नाही. काकी विचारणार नाहीत हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती आपणहून सांगत गेली. नवरा मुंबईला, गिरणी बंद, पत्र नाही. घर दिराच्या हातात. मुलगी सातवीत. दिराचं म्हणणं, तिला मुंबईला ओळखीच्या घरी पोरं सांभाळायला धाडू, तिचं पोट सुटेल आणि इकडे चार पैसे येतील. सावित्री घरात सांगत होती की मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर नवरा गुपचूप पैसे पाठवतो, पोरीच्या शाळेसाठी म्हणून. ते पैसे म्हणजे हा हंडा होता. हंडा कुठे असं घरात विचारलं तर सांगणार होती, माहेरी लग्नकार्य आहे, तिकडे नेलाय.

"काकी, नाव तेवडा काडा हां," ती म्हणाली. "भावजी मिरकरवाड्यात बर्फाच्या गाडीवर असतात, ह्या आळीतना त्यांचा जाणायेणा. त्यांनी नाव वाचला तर पोरीची शाळा गेली. सातवी होव दे तिची. दाखला हातात आला की मग काय व्हायचा ता होव दे."

काकींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तेवढं त्या बाईला पुरलं. तिनं गार चहा एका घोटात संपवला, बशी स्वतः विसळली आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन बोळातून गेली.

मी त्याच संध्याकाळी हंडा घासायला घेणार होते. पण त्याच संध्याकाळी दुकानासमोर मुंबईची गाडी उभी राहिली. खादीची साडी, मोठं कुंकू, गळ्यात लाकडी मणी अशा एक बाई उतरल्या. त्या मुंबईतल्या बड्या लोकांची घरं सजवायच्या, आणि आता तिथे जुन्या भांड्यांची हौस सुरू झाली होती. आमचे घासलेले तांबे त्यांनी हातात घेतले आणि ठेवून दिले. मग आतल्या ढिगाकडे गेल्या आणि हंड्यावरच्या नावावरून बोट फिरवत इतक्या खूश झाल्या, जणू त्यांच्याच आईचं नाव होतं. "हे असं पाहिजे," त्या म्हणाल्या, "नावासकट. नाव म्हणजेच तर याची गोष्ट आहे." त्यांनी जो भाव सांगितला तो ऐकून अण्णा खुर्चीवरून उठलेच. हंड्याच्या काठाला त्यांनी खूण म्हणून लाल दोरा बांधला. आठवड्यानं टेम्पो घेऊन येते, तोवर अशी नावाची भांडी जमतील तेवढी जमवा, म्हणाल्या.

अण्णा वाईट नव्हते. हे मी दहा वेळा लिहीन. स्टीलचे मोठे दुकानदार नाक्यावर आले होते, आमच्याकडची गिऱ्हाइकं पातळ होत होती, आणि काकींच्या औषधांसाठी कोल्हापूरच्या वाऱ्या चालू होत्या. रात्री जेवताना त्यांनी सांगितलं की यापुढे नावं घासायची नाहीत. काकी म्हणाल्या, त्या बाईला मी शब्द दिलाय. अण्णा म्हणाले, हंडा मुंबईला जाणार, तिथे कोण ओळखतंय तिला. काकी म्हणाल्या, जाईल तेव्हा जाईल, आठवडाभर फळीवर आहे ना. अण्णांनी भातावर कढी वाढून घेतली आणि विषय संपला. मी खाली मान घालून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून हंडा पुढच्या फळीवर, नाव रस्त्याकडे. अण्णांना वाटलं, तो बघून आणखी कुणी तशी भांडी आणून देईल. सकाळी झाडलोट करताना मी तो फिरवून नाव भिंतीकडे करायचे. अण्णा अंघोळ करून आले की परत रस्त्याकडे. एकदा ते हंडा फिरवत हसून म्हणाले, "हा आपोआप फिरतो की काय गो? देवाला लावला पाहिजे." मीही हसले आणि परत झाडायला लागले. बर्फाची गाडी आळीतून गेली की मागे ओला पट्टा राहायचा आणि मी त्या पट्ट्याकडे बघत बसायचे. मी नाव फिरवत होते सावित्रीसाठी, आणि घाबरत होते स्वतःसाठी. आज अण्णा ओरडले तर? ओरडून झाल्यावर ट्रकवाल्याला बोलावलं तर? आईला काय सांगू? खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरी राहता आलं नाही?

परवा माझ्या सूनबाईनं जुन्या वस्तूंच्या एका महागड्या दुकानातून पितळी घंगाळ आणलं, त्यात रोप लावायला. फार आनंदात होती, हल्ली असं मिळत नाही म्हणाली, आणि बघा आई, नावसुद्धा आहे. होतं. कुठलीतरी गंगू, तिचे मामा आणि तिचं गाव. मी छान आहे म्हटलं. ती आत गेल्यावर मी घंगाळ फिरवून नाव भिंतीकडे केलं. तिला वाटलं, उन्हासाठी फिरवलं.

तर, अण्णा एका सकाळी माल आणायला चिपळूणकडे गेले. ते गेल्यावर मी फळीवरून हंडा उतरवला, दोरा सोडून बाजूला ठेवला आणि पडवीत बसले. कुणी सांगितलं नव्हतं. गाव आधी. तांब्याची तांबडी भुकटी मांडीवर पडत होती. गाव गेलं, बंधू गेला. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता थांबवतील. त्या आत गेल्या आणि त्यांनी रेडिओ मोठा केला, एवढा मोठा की शेजारीणबाईंनी विचारलं, आज काय आहे? काकी म्हणाल्या, काही नाही, ऐकू कमी येतं हल्ली. मी सावित्री घासली, पॉलिशपेपर फिरवला, रातांब्याचं पाणी लावलं, दोरा परत बांधला आणि हंडा होता तिथे ठेवला.

दुपार कलल्यावर गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक माणूस दुकानात शिरला. त्याच्या बुटांतून पाणी निथळत होतं. त्याला एक तांब्या हवा होता, जुना चालेल म्हणाला. मी तांबे दाखवले. तो बघत होता हंड्याकडे. सरळ फळीशी गेला, हंड्याला टिचकी मारली आणि आवाज विरेपर्यंत उभा राहिला. मग पोच्यावर अंगठा ठेवला. "आमच्या घरी असाच हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, असतील, एकसारखे बरेच येतात. तो वाकला, गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "नाव खोडलास काय गो ह्याच्यावरचा?"

आतून काकींचा आवाज आला, "सगळ्यांचीच काढतो आम्ही. तुमचा तांब्या विकायला आणलात तर तुमचंही काढू." तो हसला. तांब्या घेतला, पैसे टाकले आणि दारातून एकदा परत वळून हंड्याकडे पाहिलं. तो सावित्रीचा दीर होता की बर्फाच्या गाडीवरचा दुसरा कुणी, हे मला त्या दिवशी कळलं नाही. मी फडक्यानं फरशीवरचं पाणी पुसत राहिले.

थोड्या वेळानं अण्णा परतले आणि त्यांच्या मागोमाग मुंबईच्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. हंडा हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. "अहो, हे काय केलंत? आता यात आणि कुठल्याही हंड्यात काय फरक?" अण्णांनी हंडा बघितला. बाई चिडल्या नाहीत, उलट त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं, पण अण्णांना दुसरं नावाचं काही मिळालं नव्हतं आणि घासलेली भांडी त्यांनी घेतली नाहीत. टेम्पो रिकामा गेला आणि त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. अण्णांनी दुकान वेळेआधी बंद केलं. मी आत जाऊन पिशवी काढली आणि दोन परकर, एक साडी घडी घालून ठेवली. मला बोलावणं यायच्या आत तयार असलेलं बरं, असं वाटलं.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, "कुणी घासलं?"

मी उठले. तोंड उघडायच्या आत काकी म्हणाल्या, "मी."

काकींची बोटं तोवर पार मिटली होती. लाटणं धरता येत नव्हतं. वेणी मी घालायचे, साडीच्या निऱ्या मी खोचायचे. त्या हातांनी कानस धरणं तर दूर, कानशीचा खोकासुद्धा उघडला नसता. अण्णा त्यांच्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाशी असलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"इतकं गुळगुळीत?" ते म्हणाले.

"हो," काकी म्हणाल्या.

"बरं." अण्णा वळले आणि जाता जाता म्हणाले, "बोटं दुखत असतील. हिला सांग, तेल लावून दे."

मी रात्री काकींच्या बोटांना तेल लावलं. पुढच्या मंगळवारी ढीग आला तेव्हा अण्णांनी अखंड भांडी निवडून माझ्यासमोर ठेवली आणि त्यांच्या शेजारी कानस ठेवली. लाल दोऱ्याचा हंडा त्यांनी ना विकला ना मोडीत घातला. तो आमच्या न्हाणीत आला आणि आम्ही त्यातलं पाणी वापरू लागलो. घरावरचं संकट मात्र गेलं नव्हतं. त्या वर्षी कोल्हापूरच्या वाऱ्या कमी झाल्या, आणि त्या का कमी झाल्या हे काकींची बोटं बघताना मला रोज आठवायचं. अजून आठवतं.

सावित्री पुन्हा आली ती शाळांना सुट्ट्या लागल्यावर. या वेळी परात होती. तांबड्या धुळीनं पाय भरले होते म्हणून मी तिला न्हाणीत नेलं, आणि तिनं हंडा पाहिला. गडू बुडवला, पायांवर पाणी घेतलं. मग ओल्या हातानं काठाखालची जागा चाचपली.

"भावजी सांगत व्हते," ती म्हणाली, "आपल्यासारका हंडा बगितला रत्नागिरीत, पण नाव नव्हता. म्हणून गप ऱ्हायले." तिनं आणखी एक गडू पाणी घेतलं. "पोरगी गेली मुंबईला. परवा घातली गाडीत."

मी तिच्या हातात पाय पुसायला फडकं दिलं.

"पण सातवी झाली तिची," सावित्री म्हणाली. "दाखला माज्याकडं हाय. ता नाय दिला मी कुणाला."

मी तिचं नाव विचारलं. एवढं सगळं होऊन मला मुलीचं नाव माहीत नव्हतं. सावित्रीनं सांगितलं आणि तोंडावर पाणी मारून घेतलं.

ह्या लिखाणात मी त्या मायलेकींचं गाव लिहिलेलं नाही. आईचं नावही सावित्री नव्हतं. काकींनी शिकवल्याप्रमाणे तेवढं घासून टाकलंय. मुलीचं तेवढं खरं ठेवते, नुसतं नाव कुणाचंही असू शकतं.

मंदा. सातवी पास.